फ्रँकेन्स्टाइन (१९३१): सिनेमाने त्याची जीभ कापली का?

आडवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो. गेल्या महिन्यात मेरी शेलीची फ्रँकेन्स्टाइन पहिल्यांदा सबंध वाचली, इंग्रजीतूनच, डिक्शनरी शेजारी ठेवून, आणि संपवल्यावर त्याच आठवड्यात जेम्स व्हेलचा १९३१ चा कृष्णधवल सिनेमा परत लावला. कॉलेजात पाहिला तेव्हापासून तो माझा लाडका. चपटं डोकं, मानेला दोन बोल्ट, जड पावलं, सगळं पाठ. पण या वेळी बघताना राग आला. खरंच राग आला.

कारण कादंबरीतला तो बोलतो (त्याला नावच नाही, फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव, हे इथे सगळ्यांना माहीत असेलच). नुसता बोलत नाही, आपल्यातल्या भल्याभल्यांपेक्षा चांगलं बोलतो. एका घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो, फटीतून त्या कुटुंबाचं बोलणं ऐकत ऐकत भाषा शिकतो, जंगलात सापडलेल्या पेटीतली पुस्तकं वाचतो, त्यात मिल्टनचं पॅरडाइज लॉस्ट, प्लुटार्क, गटेचा वेर्थर. मग बर्फाच्या डोंगरात आपल्या निर्मात्याला गाठतो आणि पानंच्या पानं त्याच्याशी भांडतो, की तू मला जन्माला घातलंस आणि टाकून पळालास, आता माझं काय ते सांग. हे वाचताना मी पुस्तक मिटून दहा मिनिटं नुसता बसलो होतो.

आणि सिनेमात काय, तर गुरगुर. वर तो मेंदूचा प्रकार. शास्त्रज्ञाचा मदतनीस फ्रिट्झ, त्याच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी पडते म्हणून तो गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. झालं, म्हणजे पुढे जे घडतं त्याला मेंदू जबाबदार, टाकून देणारा बाप सुटला. कादंबरीत असलं काही नाही, तिथे तो चांगलाच असतो, माणसं त्याला दगड मारून मारून वाईट करतात.

तर प्रश्न असा. या सिनेमाने गेली नव्वद वर्षं जगाच्या डोक्यात एक मुका दांडगा बसवला आणि शेलीने लिहिलेला बोलका माणूस पुसून टाकला, हा अन्याय नाही का? तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज
पहिला! चहा टाकलाय, बसतो.

रीळवाला
आडवाट, राग समजला पण अर्धाच पटला.

एक तर हा सिनेमा थेट कादंबरीवरून नाहीच. पेगी वेबलिंगने १९२७ मध्ये कादंबरीवरून नाटक लिहिलं, युनिव्हर्सल स्टुडिओने ते घेतलं, आणि त्यावरही पटकथेत बऱ्याच जणांचे हात फिरले. नावांची अदलाबदल बघा, कादंबरीत शास्त्रज्ञ व्हिक्टर आणि मित्र हेन्री, इथे शास्त्रज्ञ हेन्री आणि मित्र व्हिक्टर. सत्तर मिनिटांचा सिनेमा आहे. उत्तर ध्रुव, जहाज, वॉल्टनची पत्रं, बिचाऱ्या जस्टिनची फाशी, सगळंच गळालंय, एकटी जीभच गेली असं नाही.

पण जीभ कापली म्हणता तर राक्षस करणाऱ्या बोरिस कार्लोफचे हात बघितलेत का नीट? हेन्री वरची झडप उघडतो, छतातून उजेड खाली येतो, हा मान वर करतो, उभा राहतो आणि दोन्ही हात वर नेतो, तो उजेड हातात धरायला. आयुष्यात पहिल्यांदा बघतोय तो उजेड. हेन्री झडप लावून टाकतो. मग ते हात खाली येतात आणि हेन्रीपुढे होतात, तळवे उघडे, मागितल्यासारखे. या एका मिनिटासाठी मी हा सिनेमा किती वेळा बघितलाय त्याची गणती नाही. यात कुठला संवाद बसवणार तुम्ही?

आणि त्याची एंट्री. दारातून पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो, मग कॅमेरा दोन झटक्यांत अगदी चेहऱ्यापाशी जातो. मागे संगीत नाही. टायटल आणि गावातल्या जत्रेचा बँड सोडला तर या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आजचा दिग्दर्शक तिथे चाळीस व्हायोलिनं वाजवेल. व्हेल गप्प बसलाय, आणि म्हणून छातीत धस्स होतं.

फ्यूज_उडाला
बोल्ट नाहीत हो ते! इलेक्ट्रोड आहेत. वीज आत घ्यायला. आमच्या धंद्याचा अपमान सहन करणार नाही :)

बाकी कादंबरीत विजेचं एवढं अवडंबर नाहीच. व्हिक्टर नुसतं म्हणतो की जीवनाची ठिणगी घातली, कशी घातली ते मुद्दाम सांगत नाही, कारण दुसऱ्या कुणी तो उद्योग करू नये. ती कडकड वाजणारी प्रयोगशाळा सगळी सिनेमाची. यंत्रं केनेथ स्ट्रिकफॅडन नावाच्या अवलियाने जमवली होती, आणि जपून ठेवली इतकी की १९७४ मध्ये मेल ब्रूक्सने याच गोष्टीवर विनोदी सिनेमा केला तेव्हा त्याच यंत्रांतली काही परत वापरली. त्रेचाळीस वर्षांनी चालू! असं मेंटेनन्स पाहिजे.

चहाबाज
आणि तो कुबड्या इगोर ना? यस मास्टर वाला?

रीळवाला
इगोर नाही, फ्रिट्झ. ड्वाइट फ्रायने केलाय. इगोर नावाचा माणूस १९३९ च्या तिसऱ्या भागात येतो, बेला लुगोसीने केलेला, आणि तो कुबडा नाही, फाशी देऊनही न मेलेला मोडक्या मानेचा माणूस आहे. लोकांनी दोघांची मिसळ केली. कादंबरीत तर मदतनीसच नाही, व्हिक्टर सगळं एकट्याने करतो.

दंतकथा
दातांची डॉक्टर आहे म्हणून राहवत नाही, लिहू द्या. कार्लोफचा एक गाल आत गेलेला दिसतो ना, तो रंगापेक्षा दातांमुळे जास्त. त्याच्या तोंडात एका बाजूला काढता-घालता येणारा ब्रिज होता, तो त्याने काढून ठेवला आणि गाल आत ओढून घेतला. मेकअपवाल्या जॅक पिअर्सने त्या खळग्यावर सावली गडद केली, झालं काम. हे मी रोज क्लिनिकमध्ये बघते, कवळी बाहेर काढली की समोरचा माणूस क्षणात परका होतो, तोंडाला आतून आधारच राहत नाही. आज्या लगेच पदर लावतात तोंडाला. त्यामुळे मला तो चेहरा राक्षसाचा वाटलाच नाही कधी. अशक्त माणसाचा वाटला.

डोळ्यांचंही तसंच. कार्लोफला वाटलं की आपले डोळे फार जागे आणि समजूतदार दिसताहेत, नुकत्याच जिवंत झालेल्या माणसाचे असे नसतात, म्हणून पिअर्सने पापण्यांवर मेणाचा थर दिला, त्याने त्या अर्ध्या मिटल्या. आणि चेहऱ्याला हिरवट रंग, कारण कृष्णधवल फिल्मवर तो मेलेल्या कातडीसारखा फिकट उमटायचा. रोजचे चार तास नुसते मेकअपचे, मग दिवसभर शूटिंग, मग काढायला वेगळा वेळ. पायात डांबराच्या कामावर घालतात तसले जड बूट. कार्लोफ तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता, पोरगा नव्हता.

सदाफुली
दंतकथा, आजीचा पदर डोळ्यासमोर आला एकदम.

रीळवाला
दंतकथाताई, क्या बात है. भर घालतो. त्याआधी कार्लोफ कित्येक वर्षं बारक्यासारक्या भूमिका करत होता, मध्ये कामं नसली की ट्रक चालवायचा. आणि या सिनेमाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याचं नावच नाही, राक्षस या भूमिकेसमोर नुसतं प्रश्नचिन्ह. नाव दिसतं ते शेवटी. पुढे १९३३ मध्ये हॉलिवूडमधल्या नटांची संघटना उभी राहिली तेव्हा सुरुवातीच्या मंडळींत हा होता. त्या बुटांतून उभं राहिलेल्या माणसाला कामाचे तास मोजायला शिकवावं लागत नाही.

पंतोजी
धागा आवडला. मराठी अंगाने एक मुद्दा. आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या अग्रलेखात फ्रँकेन्स्टाइन आला की पुढच्या ओळीत भस्मासुर आलाच, दोघांना जुळे भाऊ करून टाकलंय. मला हे कधीच पटलं नाही. भस्मासुराने वर मागून घेतला, मिळाल्यावर शंकराच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला. म्हणजे तो कृतघ्न, त्याला सत्ता पाहिजे होती. शेलीच्या या जिवाने काहीच मागितलं नव्हतं, जन्मसुद्धा नाही. तो मागतो ते नंतर, आणि काय मागतो, तर एक सोबतीण. मला माणसांपासून लांब घेऊन जाईल अशी कुणीतरी दे, परत तोंड दाखवणार नाही. हा भस्मासुर नव्हे. आपल्याकडे जवळचं कुणी शोधायचंच तर मला कर्ण आठवतो. आईने जन्मल्याजन्मल्या पाण्यात सोडलेला.

घाटवाट
पंतोजी, कर्णाला राधा मिळाली. याला कोण मिळालं? उदाहरण पुरतं लागत नाही.

आणि भस्मासुर म्हणतात ते बनवणाऱ्याच्या चुकीवर बोट ठेवायला. वर देताना शंकराने विचार केला नाही, हेन्रीनेही नाही. तेवढ्यापुरतं बरोबरच आहे की.

पंतोजी
राधेचा मुद्दा बिनतोड. मागे घेतो.

भुईकोट
आता माझी बारी. मी नगरचा (नाव बदललंय, तोंडात नगरच बसलंय). तुम्हा कुणाला हे माहितीये का, की या राक्षसाचं मूळ आमच्या नगरपर्यंत येतं? कार्लोफ हे त्याने घेतलेलं नाव. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७. त्याच्या आईची आई एलायझा एडवर्ड्स. या एलायझाची सख्खी बहीण ॲना, म्हणजे सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ती प्रसिद्ध ॲना लिओनोवेन्स, जिच्यावर नाटकं सिनेमे निघाले. आणि ॲना जन्मली १८३१ साली अहमदनगरला! वडील कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट, ती जन्मायच्या आधीच वारले. म्हणजे कार्लोफची पणजी आमच्या गावच्या छावणीत पोटात पोर घेऊन विधवा झालेली बाई. शाळेत असताना भुईकोट किल्ल्याजवळून रोज सायकलने जायचो, कुणी सांगितलं नाही.

चहाबाज
काय सांगता!! फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस नगरी???

घाटवाट
भुईकोट, ही व्हॉट्सॲपवरची गोष्ट तर नाही ना? तिथे तर सगळेच आपल्या गावचे निघतात.

भुईकोट
नाही हो, चरित्रकारांनी कागदपत्रं काढून दाखवलेलं आहे. गंमत म्हणजे ॲनाने स्वतः आयुष्यभर हे लपवलं. मी वेल्समध्ये जन्मले असं सांगायची आणि वयही कमी करून सांगायची. खरं उजेडात आलं ते १९७० च्या दशकात. तिचं लग्न पुण्याला झालं, १८४९ च्या नाताळच्या दिवशी. एलायझाच्या मुलीचं लग्न १८६४ मध्ये सुरतेला झालं, एडवर्ड प्रॅट नावाच्या सरकारी नोकराशी, आणि त्यांच्याच पोरांतला एक हा कार्लोफ. दोन्हीकडून घराण्यात हिंदुस्थानी रक्त होतं असं अभ्यासक मानतात. रंगाने सावळा होता, म्हणून हॉलिवूडमध्ये सुरुवातीला अरब, हिंदुस्थानी असल्याच भूमिका मिळायच्या.

अजून एक. त्याचा मोठा भाऊ फ्रेडरिक प्रॅट मुंबई इलाख्यात आयसीएस होता. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात गांधीजींच्या समोर जे कमिशनर प्रॅट होते ना, तेच.

पंतोजी
हे वाचून उठून उभा राहिलो. आत्मकथेत प्रॅटसाहेब किती वेळा वाचले असतील, हा धागा कुठे जुळतोय बघा.

सदाफुली
१८३१ वाचून लक्षात आलं, शेलीने कादंबरीची सुधारलेली आवृत्ती काढली तीही १८३१. आपल्यातले बहुतेक जण वाचतात ती तीच. आणि सिनेमा बरोबर शंभर वर्षांनी. योगायोगच, पण अंगावर काटा आला.

आडवाट
भुईकोट, धन्यवाद, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मूळ लपवून जगणारी माणसं आणि त्याच घरातून आलेला नट हा कुणालाच नको असलेल्याची भूमिका करतो, हे डोक्यातून जाणार नाही आता.

पण मंडळी मूळ प्रश्न राहिला. रीळवाला, तुमच्या उजेडाच्या प्रसंगाला मान्यता, पण मेंदूच्या बरणीचं काय? ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत :)

रीळवाला
मेंदू मलाही आवडत नाही. सरळ कबूल. पटकथेतलं सगळ्यात कच्चं कलम आहे ते.

सदाफुली
मी थोडं सिनेमाच्या बाजूने बोलते. बरणी येते, पण सिनेमा तिच्यावर विश्वास ठेवतो का? हेन्रीचा जुना प्राध्यापक वाल्डमन त्याला सांगतो की तो गुन्हेगाराचा मेंदू होता, तर हेन्री क्षणभर दचकतो आणि म्हणतो की शेवटी तो मेलेल्या मांसाचा तुकडाच. विषय संपला. आणि त्यानंतर आपल्याला दिसतं काय? तो शहाण्यासारखा आत येतो, बस म्हटलं की बसतो, उजेड मागतो. मग फ्रिट्झ मशाल घेऊन येतो, तो आगीला घाबरून ओरडतो, त्याला साखळीने बांधतात, तळघरात टाकतात, फ्रिट्झ चाबूक आणि मशालीने छळतो. तेव्हा कुठे पहिला खून. वाल्डमनला मारतो ते वाल्डमन त्याला चिरायला टेबलावर घेतो तेव्हा. सगळा क्रम व्हेलने डोळ्यासमोर ठेवलाय. कादंबरीतला दगड मारण्याचा मुद्दा इथे शब्दाशिवाय आहेच की.

व्हेल स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेला, जर्मनांच्या कैदेत राहिलेला माणूस. युद्ध संपून तेरा वर्षंच झाली होती. मेलेल्या माणसांच्या अवयवांतून शिवलेला, टाके दिसणारा एक जण पडद्यावर चालत येतो तेव्हा थेटरात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी असे चेहरे घरी, दवाखान्यात पाहिले असतील. मला तरी बघताना तेच आठवतं.

मांडवीकाठ
मारियाचा प्रसंग कुणीच कसा काढला नाही अजून?

तळ्याकाठी छोटी मारिया एकटी खेळतेय, हा झुडपातून येतो, आणि ती घाबरत नाही. सबंध सिनेमात त्याला न घाबरणारं हे एकच माणूस. हात धरून त्याला पाण्यापाशी नेते, फुलं देते, फुलं होडीसारखी तरंगतात ते दाखवते. तो हसतो. मग त्याच्या हातातली फुलं संपतात. आणि तो तिलाच उचलतो, कारण तीही फुलासारखीच सुंदर, तीही तरंगेल. ती बुडते आणि तो काठावर गोंधळून हात हलवत राहतो, पाण्याकडे जातो, परत येतो, काय झालं तेच कळत नाही त्याला.

हा प्रसंग वर्षानुवर्षं कापलेला होता. पुढे सिनेमा पुन्हा लावला तेव्हा सेन्सॉरने तो उचलतो तिथेच कात्री लावली. म्हणजे लोकांनी काय पाहिलं, तर तो मुलीकडे हात नेतो, आणि पुढच्या दृश्यात बाप तिचं प्रेत हातावर घेऊन जत्रेतून चालतोय. मधलं प्रेक्षकाने मनाने भरायचं! जे होतं त्यापेक्षा दहापट भयानक मनात येतं. त्या जिवाची निरागसता कापून सेन्सॉरने त्याला नराधम केलं. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. त्यामुळे आडवाट, जीभ कुणी कापली म्हणाल तर मी म्हणेन व्हेलच्या आधी त्या कात्रीवाल्यांना धरा.

शूटिंगच्या दिवशीची एक गोष्ट सांगतात. मारिया करणारी मॅरिलिन हॅरिस सात वर्षांची होती, सगळे तळ्याकडे निघाले, कुणाच्या गाडीत बसणार विचारलं तर ती पूर्ण मेकअपमधल्या कार्लोफकडे धावत गेली, हात धरला आणि त्याच्याच गाडीत बसून गेली.

चहाबाज
चहा गार झाला माझा. बोलायला काही उरलं नाही.

अबोली
मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. बोलत नाही. ऐकू येतं, समजतं पुष्कळ, पण शब्द नाहीत. हा सिनेमा मी त्याच्यासोबत अर्धवट पाहिला, म्हणजे मी बघत होते आणि तो शेजारी येऊन बसला. तो आवाज करतो तेव्हा लोक मागे सरकतात. बसमध्ये, लग्नात, लिफ्टमध्ये. एका शाळेत ॲडमिशनच्या दिवशी तिथल्या बाईंनी त्याच्यासमोर मला विचारलं होतं, हा मारतो का. त्याने काही केलं नव्हतं, ट्यूबलाइटकडे बघून हात हलवत होता.

तर वर रीळवाल्यांनी लिहिलेला उजेडाचा प्रसंग आला आणि माझ्या मुलाने हात वर केले. नक्कल केली का, त्याला उजेड आवडतो म्हणून केले, मला सांगता येणार नाही. पण झडप बंद झाली आणि कार्लोफने हात पुढे केले तेव्हा मी रडले, कारण ते हात मी ओळखते. तो माझ्यासमोर अगदी तसेच हात धरतो, पाणी हवं असलं की, गॅलरीचं दार उघडायचं असलं की.

आडवाट, तुम्ही म्हणता त्याला मुका केला. मला वेगळं वाटतं. कादंबरीतल्याला बोलायला शिकायला किती वेळ मिळाला? तो त्या खोपटात कितीतरी महिने राहतो ना, ऐकत, बघत. सिनेमातला किती दिवसांचा आहे? जन्मल्यावर काही दिवस अंधारात ठेवलाय, मग लगेच साखळी, मग पळापळ, मग पवनचक्कीत जाळायला गाव निघालं. तो मुका नाहीये. तान्हा आहे. त्याला कुणी वेळच दिला नाही.

आणि न बोलणारा दिसला म्हणजे त्याच्या आत काही नाही असं लोक धरून चालतात. पुस्तकातल्याने मिल्टन वाचला म्हणून त्याची दया येते, हे बरोबर आहे का? ज्याला वाक्य जुळवता येत नाही त्याची येऊ नये? मला पुस्तकापेक्षा सिनेमा जवळचा वाटतो तो एवढ्यासाठी. तिथे काहीच सिद्ध न करता त्याच्याकडे बघावं लागतं.

खूप लिहिलं. चुकलं असेल तर सांगा.

दंतकथा
अबोली, काही चुकलेलं नाही. लिहीत जा गं.

पंतोजी
ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला.

सदाफुली
अबोली, तान्हा हा शब्द फार नेमका आलाय. शेलीचं आयुष्य बघा. ती जन्मल्यावर काही दिवसांतच आई गेली, बाळंतपणाच्या आजारात. तिचं स्वतःचं पहिलं मूल १८१५ मध्ये अपुऱ्या दिवसांचं जन्मलं आणि गेलं. तिने रोजनिशीत लिहून ठेवलंय की स्वप्न पडलं, बाळ मेलं नव्हतं, नुसतं गारठलं होतं, विस्तवापाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. त्यानंतर वर्षाने, १८१६ च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी ही गोष्ट सुचली. तेव्हा ती अठरा वर्षांची. आधीच्या वर्षी तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता म्हणून त्या साली युरोपात ऊनच पडलं नाही, सगळे घरात कोंडलेले, त्यातून भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली. पैजेची गोष्ट सगळे सांगतात, बाळाची फार कमी लोक सांगतात.

घाटवाट
विस्तवापाशी चोळून जिवंत झालेलं बाळ, आणि सिनेमात विस्तवालाच घाबरणारा तो. बाप रे.

मांडवीकाठ
अबोलीताईंना एक सुचवते. व्हिक्टर एरिसे या स्पॅनिश दिग्दर्शकाचा द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह म्हणून १९७३ चा सिनेमा आहे. यादवी युद्ध नुकतं संपलेलं एक खेडं, तिथे फिरत्या सिनेमावाल्याने हाच फ्रँकेन्स्टाइन आणलाय, आणि ॲना नावाची सहा-सात वर्षांची मुलगी तो बघून एकच विचारत राहते, त्याने तिला का मारलं आणि त्यांनी त्याला का मारलं. त्या मुलीचे डोळे बघाच. फार कमी बोलणारा सिनेमा आहे तोही.

भुईकोट
तिथेही ॲना! नगरवाल्यांनी नोंद घ्यावी.

रीळवाला
आडवाट, गप्प का? धागा काढून पळालात की काय, हेन्रीसारखे :)

आडवाट
पळालो नाही, पुस्तक शोधत होतो, अबोलीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर सकाळी पहिलं काम तेच केलं.

पाचवं प्रकरण. नोव्हेंबरातली रात्र, खिडकीवर पाऊस वाजतोय, तो डोळे उघडतो आणि व्हिक्टर घाबरून दुसऱ्या खोलीत जाऊन झोपतो. जाग येते तर तो पलंगाचा पडदा बाजूला करून याच्याकडे बघतोय. तोंड उघडतो, काहीतरी अस्पष्ट आवाज काढतो. गालाला हसल्यासारख्या सुरकुत्या पडतात. आणि एक हात पुढे करतो. व्हिक्टर म्हणतो, मला धरायलाच असेल बहुतेक, पण मी निसटलो आणि जिना उतरून पळालो.

महिन्याभरापूर्वी हे वाचलं तेव्हा मी त्याच्यावरून सरळ पुढे गेलो होतो, मला त्याच्या भाषणांपर्यंत पोचायची घाई होती. हात शेलीनेच पुढे करून ठेवलाय, शब्द यायच्या कितीतरी आधी. व्हेलने आणि कार्लोफने तेवढं एक पान घेतलं आणि त्याचा सबंध सिनेमा केला असं आता मला वाटतंय. जीभ कापली हे धाग्याचं नाव बदलता आलं असतं तर बदललं असतं, इथे एडिटची मुदत संपली.

मेंदूच्या बरणीबद्दल मात्र अजून राग आहे, तो राहू दे.

अबोली
ते पान मलाही वाचायचंय. मराठीत आहे का कुठे?

आडवाट
नक्की माहीत नाही, पण तेवढं पान मी करून टाकतो इथेच, रविवारपर्यंत. चुका पंतोजी काढतील.

पंतोजी
काढणारच. वाट बघतो.

रीळवाला
आणि रविवारी रात्री १९३५ चा दुसरा भाग लावा सगळ्यांनी, ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन. व्हेलचाच. त्यात जंगलातला एक आंधळा म्हातारा याला घरात घेतो, आणि तिथे तो बोलायला शिकतो. कार्लोफला स्वतःला ते पसंत नव्हतं, म्हणायचा याने बोलू नये. आडवाटांना आवडेल, अबोलीताईंना कदाचित नाही. सोमवारी या भांडायला.

चहाबाज
सोमवारी येताना चहा मी आणतो.